प्रॅक्टिकलचे गुण नेमके कशाचे? प्रात्यक्षिक परीक्षेची पार्श्वभूमी

महाराष्ट्र मंडळाच्या बारावीला भौतिकशास्त्राचे 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे. लेखीला कसाबसा तरलेला विद्यार्थी प्रॅक्टिकलला सत्तावीस-अठ्ठावीस घेऊन येतो, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. जर्नल पूर्ण हवं, त्यावर सही हवी, व्हायवात दोन-तीन उत्तरं यावीत, झालं. मुलाला प्रयोग येतो का, हे या सगळ्यात कळतंच असं नाही.

ही अडचण आजकालची नाही. 1886 च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजने प्रवेशासाठी भौतिकशास्त्राचे प्रयोग करून येण्याची सोय ठेवली आणि त्यासाठी 40 प्रयोगांची यादी काढली. ती करणारा एडविन हॉल, म्हणजे विद्युत-चुंबकत्वातल्या ‘हॉल परिणाम’वाला भौतिकशास्त्रज्ञ हॉलच. उमेदवाराने शाळेत प्रयोग करायचे, नोंदवही ठेवायची, तिच्यावर शिक्षकाचा शेरा आणायचा आणि शिवाय प्रयोगशाळेत परीक्षा द्यायची. या एका अटीपायी कित्येक शाळांनी प्रयोगशाळा थाटल्या, हे श्रेय द्यायलाच हवं. पण यादी छापली की यादीच अभ्यासक्रम होऊन बसते. कोणता प्रयोग येणार आणि उत्तर किती यायला हवं, हे आधीच ठाऊक असलं की शोधायचं काही उरत नाही.

आपल्याकडचा साधा दोलक घ्या. लांबी 100 सेंटिमीटर, 20 आंदोलनांचा वेळ मोजायचा. तो सुमारे 40.2 सेकंद येतो. नवखा विद्यार्थी हमखास एक चूक करतो: गोळा सोडताना ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हणतो. मग मोजली जातात प्रत्यक्षात 19 आंदोलनं, वेळ येतो 38.2 सेकंदांच्या आसपास आणि g ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गात) जाते 1,080 च्या पुढे. जाणत्या परीक्षकाला हा आकडा पाहून मुलाचं कुठे चुकलं ते सांगता येतं. पण अशी वही परीक्षेला येतच नाही. येते ती उत्तरावरून उलटी रीडिंग काढलेली, पुस्तकातल्या 980 वर चपखल बसवलेली. गंमत म्हणजे मुंबईत g ची किंमत 978.6 च्या आसपास आहे. 980.6 ही किंमत 45 अंश अक्षांशाची, म्हणजे भारताच्या बरीच उत्तरेला. प्रामाणिक 978 ला आपण ‘जवळपास बरोबर’ म्हणतो आणि जुळवलेल्या 980 ला पूर्ण गुण देतो.

भारतात या दुखण्यावर सर्वांत धीट उपाय झाला तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात. 1972 साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तिथल्या 16 शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला घेतलं. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून बाहेर पडलेले, आणि या संस्थेतले शास्त्रज्ञ पुढेही मदतीला होतेच. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची मॉडेल्स तिथलीच.

प्रयोग तर इतरांनीही शिकवले. होशंगाबादने परीक्षाच बदलली, आणि माझ्या मते खरं काम ते. आठवीच्या लेखी परीक्षेला मुलांनी पुस्तक आणि वही सोबत घेऊन बसायचं. त्यामुळे व्याख्या विचारण्यात अर्थच उरला नाही. आकडे देऊन ‘यावरून काय कळतं’ असं विचारावं लागलं. जोडीला हाताने करायची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर गेला, 1982 पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांत चाललेल्या गोष्टीला ‘प्रयोग’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

इंग्लंडमध्ये 1980 ते 84 या काळात 11, 13 आणि 15 वर्षांच्या काही निवडक मुलांची नमुना सर्वेक्षणं झाली. टेबलाटेबलावर छोटी कामं मांडलेली, ठरावीक वेळाने मुलांनी पुढे सरकायचं. शाळेची पत ठरवायची नव्हती, म्हणून कुणाला रीडिंग जुळवायची गरज पडली नाही. सीबीएसईने मधल्या काळात दहावीला प्रात्यक्षिक कौशल्यांची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका आणली होती. तपासायला सोपी, पण व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात न धरता सोडवता येणारी.

महाराष्ट्रात मंडळाबाहेर एक बरी वाट आहे. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या मुलांची लेखीनंतर प्रात्यक्षिक परीक्षाही घेते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये, जे 2015 साली मुंबईत भरलं होतं, 50 पैकी 20 गुण प्रयोगाचे आणि त्यासाठी पाच तास. प्रयोग कुणालाच आधी माहीत नसतो. पण इथवर पोचतात ती चाळणीतून आलेली मोजकी मुलं.

2015 पासून इंग्लंडच्या ए-लेव्हलमध्ये, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेत, प्रयोगांचा निकाल मुख्य श्रेणीत धरत नाहीत. किमान 12 प्रयोगांवर शिक्षक ‘उत्तीर्ण’ असा स्वतंत्र शेरा देतात, आणि लेखी पेपरातले निदान 15 टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. शिक्षकाच्या सहीला गुण जोडले की सही उदार होते, हे तिथेही अनुभवाला आलं होतं. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाचे 20 आणि बारावीचे 30 गुण मात्र अजून थेट बेरजेत जातात.