ध्यानात मन कोरं व्हायलाच हवं का?

"ध्यान म्हणजे डोक्यात एकही विचार येऊ न देणं, विचार आला की ध्यान मोडलं," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटायला कारणही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या सुरुवातीलाच (१.२) चित्तवृत्तींच्या निरोधाला, म्हणजे मनातल्या हालचाली थांबण्याला, योग म्हटलंय. पण तो झाला सगळ्या वाटचालीचा मुक्काम. ध्यानाची व्याख्या बरीच पुढे, तिसऱ्या पादाच्या दुसऱ्या सूत्रात येते आणि ती एकाच विषयावर जाणिवेचा सलग प्रवाह टिकण्याबद्दल आहे. प्रवाह आहे, म्हणजे मन रिकामं नाहीच.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला २६वा श्लोक उघडून पाहा. चंचल मन जिथे जिथे पळेल तिथून ते परत आणावं, असं तो सांगतो. मन पळणार हे गृहीतच धरलंय की! सतिपट्ठान सुत्त या सजगतेवरच्या पाली बौद्ध ग्रंथात तर विखुरलेलं चित्त विखुरलेलं आहे हे ओळखणं हाच साधनेचा भाग.

स्वतः पडताळायचं तर पाच मिनिटं बसून श्वासाकडे लक्ष द्या. मध्येच भरायचं राहिलेलं बिल आठवेल. लक्षात आलं की मुकाट्याने श्वासाकडे परत या. दहादा आठवलं तर दहादा या. सराव म्हणतात तो हाच. फार अस्वस्थ वाटू लागलं तर मात्र उठावं, ओढूनताणून बसू नये.