हजेरीपटावरचं मूल: मराठवाड्यातल्या शाळांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पाचवीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, अशी बातमी दरवर्षी येते आणि चर्चा फिरून फिरून मास्तरांवर येते. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्न मास्तरांच्या कितीतरी आधी सुरू होतो. इथं शाळा उघडली, पण गरिबाचं मूल वर्षभर तिच्यात बसेल अशी सोय क्वचितच झाली. पिढ्या बदलल्या, कारणं बदलली, तुटवडा मात्र तोच राहिला.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. तेव्हा औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे शिक्षणात मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांच्या फार मागे होते. निजामी राजवटीत सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सगळं शिक्षण उर्दूतून चाले. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य करायलाच हवं. पण मराठी, तेलुगू किंवा कानडी घरातून आलेल्या मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे.

सरकारनं केलं नाही ते लोकांनी वर्गणी काढून करायला घेतलं. औरंगाबादेत सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईत योगेश्वरी या संस्था त्या काळात उभ्या राहिल्या. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायचे, पुढे ते अंबाजोगाईला आले. या शाळांनी निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते दिले. मात्र त्या होत्या मोठ्या गावांत, आणि तिथवर पोचणारी मुलं बहुतेक जमीनजुमला असलेल्या किंवा पांढरपेशा घरांतली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं आणि तांड्यावरचं मूल तिथं अपवादानंच दिसे.

ती कोंडी फोडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली, आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जाऊ लागलं. नागसेनवन या कॉलेजच्या परिसरातल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात आधी कोणी पाटी धरली नव्हती अशी मुलं राहून शिकली. गरिबाच्या मुलासाठी वर्गाच्या जोडीला राहण्या-जेवणाची सोय हवी, हा धडा मराठवाड्याला तिथं मिळाला होता. प्राथमिक शिक्षणात तो गिरवायला पुढची पन्नास वर्षं गेली.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि गावोगाव शाळा झाल्या. तरी १९८४ मध्ये दांडेकर समितीनं विभागवार अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, मोजला तेव्हा सिंचन, रस्ते यांच्यासोबत शिक्षणातही मराठवाडा मागे असल्याचं कागदावर आलं. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीहून कमी असलेले जिल्हे त्यासाठी निवडायचे होते. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात निवडलेले पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते: औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद, परभणी. बीड आणि जालना पुढच्या टप्प्यात आले. या कार्यक्रमातून वर्गखोल्या आल्या, शिक्षकांची प्रशिक्षणं झाली, शैक्षणिक साहित्य आलं. त्यानंतर वस्तीशाळा निघाल्या आणि वाडी-तांड्यावर तुटपुंज्या मानधनावर निमशिक्षक शिकवू लागले. शाळा मुलाच्या दारापर्यंत नेणारी ती सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची योजना होती. तिचा भार मात्र त्या निमशिक्षकांनी स्वतःच्या पोटाला चिमटा काढून वाहिला.

तांड्यावरचा भाषेचा पेच अजून सुटलेला नाही. पहिलीत बसणारं बंजारा मूल घरी गोरमाटी बोलतं. किनवट भागात गोंडी-कोलामी बोलणारी घरं आहेत. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातली मराठी तितकीच नवी असते जितकी एके काळी मराठी मुलाला उर्दू होती. ज्या मास्तरांनी चार गोरमाटी शब्द शिकून घेतले, त्यांच्या वर्गात मुलं लवकर तोंड उघडतात. हे काम सगळीकडे एकेका शिक्षकाच्या हौसेवर सोडलेलं आहे.

मग आली पटपडताळणी. नांदेड जिल्ह्यात आधी शाळांच्या पटाची प्रत्यक्ष मोजणी झाली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस प्रत्येक शाळेत एकाच वेळी डोकी मोजली गेली. पटावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. त्यातली बरीच नावं अनुदान आणि तुकड्या टिकवण्यासाठी घातलेली बोगस होती, आणि त्याबद्दल संस्थाचालकांवर टीका झाली ती रास्तच होती. पण काही नावांमागे खरीखुरी मुलं होती. ती तेव्हा शाळेबाहेर होती, आणि मराठवाड्यात अशी मुलं शोधायची तर उसाच्या फडाकडे जावं लागतं.

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या कोरडवाहू पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि थेट कर्नाटकाकडे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायला कोयता चालवावाच लागतो. टोळीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. घरी सांभाळणारं कोणी नसेल तर मुलं सोबत जातात. कारखान्याजवळ पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या (झोपड्या) पडतात. आई-बाप अंधार असतानाच फडात जातात आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते. जरा मोठा मुलगा वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो, तेव्हा शाळेत परीक्षेची लगबग सुरू असते.

यात नेमकं काय बुडतं ते पाहा. मूल जूनमध्ये येतं, दिवाळीपर्यंत शिकतं आणि जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणजे दरवर्षी बुडतं ते दुसरं सत्र. पहिलीत मुळाक्षरं कळली, शब्द जुळवून वाचायच्या आत गाव सुटलं. तिसरीत बेरीज-वजाबाकी पक्की होते न होते तोच भागाकार राहिला. शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून मुलाला नापास न करता वरच्या वर्गात घालायची सोय केली (पाचवी आणि आठवीसाठी राज्यानं ती २०२३ मध्ये बदलली). नापास होऊन शाळा सुटण्यापेक्षा ते बरंच. पण राहिलेलं सत्र भरून काढायची व्यवस्था त्यासोबत आली नाही. पाचवीत वाचता न येणारं मूल असं घडतं. त्याच्या मास्तरांना तीन इयत्तांचा मागचा अभ्यास आणि चालू पुस्तक एकाच तासात शिकवायचं असतं.

मुलींचं याहून कठीण. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची भीती वाटते, फडात न्यायचीही भीती वाटते, आणि लग्न लावून दिलं की एक नवा कोयता तयार होतो. शाळा तिथंच संपते.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, पण टोळी फड बदलते आणि मुलाची शाळा पुन्हा सुटते. हंगामी वसतिगृहांची कल्पना जास्त टिकाऊ निघाली: मूल गावातच आजी-आजोबांकडे राहतं, त्याच शाळेत जातं आणि दोन वेळचं जेवण त्याला मिळतं. जिथं गावानं आणि शिक्षकांनी हे मनावर घेतलं तिथं दिवाळीनंतरही वर्ग भरलेले राहिले. अडचण वेळेची आहे. अनेकदा मंजुरी आणि पैसे येतात तोवर गाड्या भरून टोळ्या निघून गेलेल्या असतात. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली, तीही याच गरजेतून.

आता कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असं धोरण पुढे आलं आहे. वीसपेक्षा कमी पटाची शाळा बहुतेक वेळा वाडीवरची, तांड्यावरचीच असते, आणि तिथला पट कमी दिसण्याचं एक कारण स्थलांतर हेच आहे. अशी शाळा बंद करायचा निर्णय घेताना पट ऑगस्टमध्ये मोजला की जानेवारीत, हे आधी विचारायला हवं. आणि हंगामी वसतिगृहाची यादी गणपतीत पक्की होऊन दसऱ्याच्या आधी चूल पेटेल, एवढं तरी प्रत्येक जिल्हा परिषदेनं यंदा करून दाखवावं.