अग्निशमन दलातले ड्रोन: यंत्र आधी आलं, परवानगी मागे राहिली

ड्रोन म्हणजे काय हे सांगत बसत नाही, लग्नाच्या शूटिंगमुळे ते आता गावोगावी माहीत झालंय. इथे फक्त फायर ब्रिगेड आणि रेस्क्यूच्या कामात ते कसं आलं आणि आपल्याकडे इतकं उशिरा का आलं तेवढं लिहितोय. त्यातला २०१४ ते २०२१ हा काळ मी जास्त जवळून वाचलाय, त्यामुळे लिहिणं तिकडेच झुकणार.

आधी गरज कुठे असते ते बघू. आगीची वर्दी मिळते, बंब पोचतात, आणि पहिल्या काही मिनिटांत अधिकाऱ्याला ठरवायचं असतं की माणसं आत कुठून घालायची, पाणी कुठल्या बाजूने मारायचं, छप्पर टिकणार आहे का, गच्चीवर कोणी अडकलंय का. हे सगळं तो रस्त्यावर उभा राहून, मान वर करून, धुरातून बघत ठरवतो. मागची बाजू दिसत नाही, डक्टमधून आग वर कुठे सरकली ते दिसत नाही. थर्मल कॅमेरा (उजेडाऐवजी उष्णता टिपणारा) लावलेला ड्रोन दोन मिनिटांत इमारतीला चक्कर मारून हे दाखवू शकतो, कारण धूर आपल्या डोळ्याला जितका अडवतो तितका तो थर्मलला अडवत नाही. मर्यादाही आहेत. थर्मल कॅमेरा भिंतीच्या आरपार बघत नाही आणि काचेच्याही नाही, म्हणजे हल्लीच्या काचेच्या टॉवरवर तो बाहेरच्या काचेचं तापमान दाखवतो, आतल्या खोलीचं नाही. बॅटरी साधारण अर्धा तास. जोराचा पाऊस-वारा असेल तर तेही नाही. तरी खाली उभ्या माणसाला वरून बघता येणं हीच मुळात फार मोठी गोष्ट आहे.

परदेशातली सुरुवात थोडक्यात. २००५ ला कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत मिसिसिपीच्या पूरग्रस्त भागात एका विद्यापीठाच्या टीमने छोटी मानवरहित विमानं उडवून माणसं अडकलीत का ते शोधलं. २००७ च्या आसपास इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समधल्या अग्निशमन दलाने स्वतःचा छोटा क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या वणव्यांवर अमेरिकेच्या अवकाश संस्थेने लष्करी ड्रोनची नागरी आवृत्ती उडवून आगीच्या सीमेचे इन्फ्रारेड नकाशे खाली पाठवले. पुढे २०१३ ला कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटीजवळच्या वणव्यावर प्रेडेटर हा लष्करी ड्रोन वापरला गेला. मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या दलाने ब्रॉन्क्समधल्या आगीवर वायर बांधलेला ड्रोन उडवला, वीज वायरमधूनच जाते म्हणून बॅटरीचा प्रश्न नाही आणि ड्रोन भरकटतही नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली तेव्हा लंडनच्या दलाकडे स्वतःचा ड्रोन नव्हता, शेजारच्या केंटमधून आणावा लागला. पुढच्या वर्षी लंडनने स्वतःची चाचणी सुरू केली.

आणि एप्रिल २०१९, पॅरिसचं जुनं चर्च नोत्र दाम. ही आग सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, पण ड्रोनचा भाग कमी लोकांना माहीत आहे. पॅरिसवर ड्रोन उडवायला एरवी बंदीच असते. त्या रात्री दलाने सरकारी खात्यांकडून दोन ड्रोन उसने घेतले, दोन्ही चिनी बनावटीचे, आणि वरून बघून पाण्याचे मारे कुठे लावायचे ते ठरवलं. दोन्ही घंटाघरं वाचली, त्यात या वरून बघण्याचाही वाटा होता. बंदी असलेल्या शहरात त्याच रात्री ड्रोन वर गेला, हे मला यंत्रापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे. तंत्रज्ञानात आपण मागे होतो असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते चूक आहे. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या पोरांनी २००७ मध्ये कंपनी काढली, पुढे संरक्षण संशोधनवाल्यांबरोबर मिळून छोटा चार पंख्यांचा ड्रोन बनवला, आणि जून २०१३ ला उत्तराखंडमध्ये महापूर आला तेव्हा केंद्राच्या आपत्ती पथकाने तो केदारनाथच्या भागात अडकलेली माणसं शोधायला वापरला. म्हणजे मुंबईत जन्मलेलं यंत्र लंडनच्या दलाच्या पाच वर्षं आधी आपल्याकडे रेस्क्यूमध्ये होतं. मग पुढे काय झालं?

पुढे ७ ऑक्टोबर २०१४ ची जाहीर सूचना आली, आणि माझ्या मते सगळा गुंता इथून सुरू होतो. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत एका पिझ्झावाल्याने लोअर परळहून वरळीच्या एका इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोचवला होता, पोलिसांनी चौकशी लावली, बातम्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने छोटीशी सूचना काढली की नियम तयार होईपर्यंत कुठलीही बिगरसरकारी संस्था, संघटना किंवा व्यक्ती कुठल्याही कामासाठी भारताच्या हवाई हद्दीत मानवरहित विमान उडवणार नाही. नागरी वापरासाठी हवाई वाहतूक नियंत्रण, संरक्षण, गृह आणि बाकीच्या सुरक्षा यंत्रणांची मंजुरी लागेल, त्याशिवाय स्वतः नियामकाचीही. कारणं त्यात दिलेली होती: आंतरराष्ट्रीय मानकं अजून ठरलेली नाहीत, विमानांशी टक्कर होऊ शकते, सुरक्षेला धोका आहे. ही कारणं खोटी नव्हती. २६/११ ला सहा वर्षं झाली होती आणि मुंबईच्या माणसाला तरी त्या भीतीची टिंगल करता येणार नाही.

पण आगीच्या बाजूने ती सूचना वाचली की अडचण लगेच दिसते. बंदी बिगरसरकारींवर लिहिली होती, मग महापालिकेचं अग्निशमन दल त्यात येतं का? येत नसेल तर परवानगीशिवाय उडवता येईल का? की त्यांनीही "नागरी वापर" म्हणून चार ठिकाणी अर्ज करायचा? सूचनेत याचं उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की सरकारी खात्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे, फाइल कोणी पुढे सरकवत नाही. त्यात भर म्हणजे आपल्याकडे अग्निशमन हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे आहे आणि हवाई हद्द पूर्णपणे केंद्राकडे. पालिकेच्या दलाला हवेतल्या दोनशे फुटांसाठी दिल्लीकडे बघायचं. पोलिसांच्या मागे गृहखातं उभं असतं, सैन्याच्या मागे संरक्षण खातं, दलाच्या मागे दिल्लीत कोणीच नव्हतं असंच मला वाटतं.

त्या सूचनेनंतर सात महिन्यांनी, ९ मे २०१५ ला, काळबादेवीतल्या जुन्या इमारतीची आग. इमारत कोसळली आणि मुंबईच्या दलाने आपले चार वरिष्ठ अधिकारी गमावले, दलप्रमुखांसकट. ड्रोन असता तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला काही पुरावा नाही आणि त्या माणसांवर अन्याय होईल. एवढंच म्हणतो की दाट वस्तीतल्या, अरुंद गल्लीतल्या, लाकडी तुळयांच्या इमारतीत छपराकडचं चित्र बाहेरून मिळणं ही किती निकडीची गोष्ट आहे हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळलं होतं, आणि तरी पुढची तीन वर्षं नियमच आले नाहीत.

नियम आले २७ ऑगस्ट २०१८ ला, लागू झाले १ डिसेंबरपासून. वजनाप्रमाणे पाच वर्ग केले, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो वगैरे, आणि परवानगी नसेल तर ड्रोन उडणारच नाही अशी सॉफ्टवेअरची अट. आता यातल्या अटी आगीच्या जागी ठेवून बघा. उड्डाण फक्त सूर्योदय ते सूर्यास्त. जमिनीवरची दृश्यमानता किमान ५ किलोमीटर. ड्रोन पायलटच्या नजरेसमोर हवा. कमला मिलची आग, ज्यात १४ जण गेले, २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर लागली होती, म्हणजे नियम येण्याच्या फक्त आठ महिने आधी. रात्री लागलेली, धुराने भरलेली आग, म्हणजे थर्मल ड्रोनचं खरं काम जिथे असतं नेमकं तिथेच तो उडवणं नियमात बसत नव्हतं.

आणि जागांची यादी बघा. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांच्या हद्दीपासून ५ किलोमीटर बंद. लष्करी ठिकाणांपासून ३ किलोमीटर बंद. राज्याच्या राजधानीत सचिवालयापासून ३ किलोमीटर बंद. मुंबईच्या नकाशावर ही वर्तुळं काढली की मंत्रालयाच्या वर्तुळात फोर्टसकट दक्षिण टोक जातं, कुलाब्याला नौदल आहेच, आणि विमानतळाच्या वर्तुळात कुर्ला, सांताक्रूझ, अंधेरी आणि वांद्र्याचा मोठा भाग. जुन्या इमारती, झोपडपट्ट्या, गोदामं, ऑफिसं, म्हणजे जिथे वर्द्या येतात तोच भाग. परवान्यातून सूट कोणाला, तर अगदी छोट्या ड्रोनना काही मर्यादेत, आणि केंद्राच्या गुप्तचर व तांत्रिक टेहळणी संस्थांना. अग्निशमन दल त्या यादीत नव्हतं. कोणी मुद्दाम वगळलं असेल असं मला वाटत नाही, लिहिताना कोणाला आठवलंच नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

जुलै २०१९ मध्ये वांद्र्याच्या टेलिफोन ऑफिसच्या इमारतीला आग लागली, गच्चीवरून ८४ जणांना शिड्यांनी उतरवलं, आणि दलाचा नवा रोबोट तिथे पहिल्यांदा कामाला लागला. बघा, जमिनीवर चालणाऱ्या यंत्राला दिल्लीची परवानगी लागत नाही, त्यामुळे ते विकत घेऊन थोड्याच दिवसांत कामाला लावता आलं.

कोविडमध्ये मात्र दाखवून दिलं गेलं की मनात आणलं तर होतं. मे २०२० ला केंद्राने सरकारी यंत्रणांसाठी "गरुड" नावाचं पोर्टल काढलं, महामारीच्या कामासाठी ड्रोन उडवायचा असेल तर झटपट सशर्त सूट. टोळधाडीवर फवारणीसाठीही त्याच वर्षी राजस्थानात ड्रोन उडाले. म्हणजे आणीबाणीची सूट देता येते हे सरकारला मान्य होतं, फक्त आग ही रोजची आणीबाणी असल्यामुळे तिच्यासाठी वेगळं पोर्टल काढावं असं कोणाला सुचलं नाही.

२५ ऑगस्ट २०२१ चे नियम आले आणि चित्र खरंच बदललं, इथे श्रेय द्यायलाच हवं. अर्जांचे फॉर्म २५ वरून ५ झाले, शुल्कांचे प्रकार ७२ वरून ४, नकाशावर हिरवा-पिवळा-लाल असे झोन (हिरव्यात आधी परवानगी नको, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची हवी, लालमध्ये केंद्राची), विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आला. बिगरव्यावसायिक कामासाठी २ किलोपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवानाही नको. यातून सैन्याच्या तिन्ही दलांना पूर्ण सूट, अग्निशमनाला वेगळी तरतूद मात्र इथेही नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरवा झोन फक्त २०० फुटांपर्यंत. २०० फूट म्हणजे साधारण वीस मजले, आणि परळ-लालबागचा भाग अंदाजे याच पट्ट्यात येतो. हे नियम आल्यावर दोनच महिन्यांनी करी रोडच्या ६० मजली इमारतीत १९ व्या मजल्यावर आग लागली, एक सुरक्षारक्षक बाल्कनीला लटकून खाली पडून गेला, ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं. त्या इमारतीचा अर्ध्याहून जास्त भाग हिरव्या झोनच्या वर येतो.

मग ९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना वगळून. सुटे भाग आणायला मोकळीक. देशी उद्योगासाठी हे योग्य असेल, चिनी ड्रोनमधून माहिती कुठे जाते ही शंकाही फक्त आपल्यालाच नाही, अमेरिकेच्या एका खात्याने जानेवारी २०२० मध्ये आपला जवळपास ८०० ड्रोनचा ताफा याच कारणाने जमिनीवर बसवला होता, मात्र आग आणि जीव वाचवण्याच्या आणीबाणीच्या कामाला त्यातून वगळून. आपल्याकडच्या तीन अपवादांत जीव वाचवण्याचं काम नावाने नाही.

रेस्क्यूच्या बाजूने मात्र गोष्टी भराभर पुढे गेल्या. एप्रिल २०२२ ला देवघरच्या त्रिकूट रोपवेवर माणसं हवेत अडकली तेव्हा ड्रोनने ट्रॉलीपर्यंत पाणी आणि खाणं पोचवलं. नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडात कामगार अडकलेल्या सिलक्याराच्या बोगद्यात, जुलै २०२४ ला वायनाडच्या दरडीत ड्रोन होते. सह्याद्रीतल्या रेस्क्यू टीम्सही वाट चुकलेले ट्रेकर शोधायला ड्रोन वापरतात, पण अपघातांचा हंगाम पावसाळा आणि तेव्हा घाटावर धुकं, त्यामुळे शेवटी दोर आणि पायच लागतात. इर्शाळवाडीला जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा हेलिकॉप्टरसुद्धा उडू शकली नव्हती.

उलट बाजूही लिहायला हवी, कारण हवाई नियमांचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं तिथे खरं ठरलंय. जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाचा २५० ग्रॅमहून हलका ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं, विमान जमिनीवर आणावं लागलं. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलावर नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी टाकत होती, तिथे कोणी रील काढायला ड्रोन घातला असता तर तेच झालं असतं. म्हणून बघ्यांच्या ड्रोनवर कडक बंदी हवीच, आणि ती दलाच्या ड्रोनला लागू होऊ नये एवढं साधं मागणं आहे.

सध्या पैसा आहे. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राची ५,००० कोटींची योजना २०२३ मध्ये आली. ड्रोन घेणं आता अवघड नाही, अडतं ते उडवायच्या क्षणी. मुंबईत पोलीस दर थोड्या आठवड्यांनी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर बंदीचा आदेश काढतात, सणासुदीला, निवडणुकीला, मोठ्या पाहुण्यांच्या वेळी. त्यात अपवाद साधारण दोनच असतात: पोलिसांची स्वतःची हवाई टेहळणी, आणि ज्याला पोलीस उपायुक्तांची लेखी परवानगी आहे तो. तिसरा अपवाद म्हणून अग्निशमन दलाचं नाव घालायला कायदा बदलायची गरज नाही, पुढचा आदेश टाइप करताना एक ओळ वाढवली तरी होईल.