पाचवा थ्रेड बसणार कुठे? जेम५मधले एसई आणि एफएस

"एसई मोडमध्ये मल्टिथ्रेडिंग चालत नाही ना?" एम.टेक.च्या प्रोजेक्टांची तारीख जवळ आली की हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. चालते, राजेहो! अडते ते दुसरीकडेच.

जेम५ म्हणजे संगणकाची नक्कल करणारा सिम्युलेटर, आणि त्याचे हे दोन मोड: एसई (सिस्टीम-कॉल एम्युलेशन) आणि एफएस (फुल सिस्टीम). थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा. एसईत कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, नसतो. प्रोग्रामने सिस्टीम कॉल (ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी) केला की सिम्युलेटर स्वतःच ते काम उरकतो. एफएसमध्ये डिस्क इमेज, कर्नल आणि अख्खे लिनक्स बूट. एसई झटपट, एफएस संथ. इथवर सगळ्यांना पाठ असते. त्यापुढे स्लाइडवर "एफएस अधिक अचूक" अशी ओळ येते आणि माझे डोके फिरते. कशासाठी अचूक?

खरा फरक एकच आहे: थ्रेडला जागा कोण देतो. नागपूरच्या धरमपेठेतले एखादे सलून डोळ्यांसमोर आणा. चार खुर्च्या (म्हणजे कोर) आहेत, पण वाट बघायला बाकडे नाही. पाचवा गिऱ्हाईक दारातूनच परत. हे एसई. एफएसच्या सलूनमध्ये बाकडे आहे आणि एक मालकही आहे. तो अर्धी दाढी झालेल्याला उठवून दुसऱ्याला बसवतो, मग पहिल्याला पुन्हा बोलावतो, कदाचित वेगळ्याच खुर्चीवर. हा मालक म्हणजे लिनक्सचा शेड्यूलर. एसईत कर्नलच नाही, म्हणून तोही नाही.

मागे एका मुलाने लॅपटॉप समोर ठेवला. चार कोरचे कॉन्फिग, सी++मध्ये चार वर्कर थ्रेड, आणि स्क्रीनवर "रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल". रिसोर्स म्हटल्यावर त्याने मेमरी २ जीबीची ८ केली. तोच एरर. मग एसईलाच नावे ठेवून एफएसची इमेज उतरवायला बसला. चुकले होते मोजण्यात. मेन हाही एक थ्रेड आहे आणि पहिली खुर्ची त्याची. चार वर्कर धरून झाले पाच. नवा थ्रेड मागितला की क्लोन कॉल रिकामा थ्रेड-कॉन्टेक्स्ट (तीच ती खुर्ची) शोधतो, आणि तो नसला तर 'ईअगेन' हा एरर परत करतो. मेमरीचा इथे काही संबंधच नाही. वर्कर तीन केले, चौथा वाटा मेनलाच दिला, आणि गाडी चालली.

त्याच्या मित्राचा ओपनएमपीचा (समांतर प्रोग्राम लिहायची एक पद्धत) प्रोग्राम मात्र त्याच चार कोरवर "चार थ्रेड" सांगून बिनतक्रार चालत होता, म्हणून गोंधळ आणखी वाढला. ओपनएमपीत मेन थ्रेड टीममध्येच धरलेला असतो, नवे तीनच तयार होतात. सी कोडमध्ये पीथ्रेड-क्रिएटने (थ्रेड तयार करणारे फंक्शन) काय परत केले हे तपासायची सवय नसेल तर एररही दिसत नाही. प्रोग्राम पुढे जॉइनवर (थ्रेड संपायची वाट बघताना) कोसळतो किंवा लटकतो, आणि दोष सिम्युलेटरला. एखादा थ्रेड संपला की त्याची खुर्ची मोकळी होते, तेव्हा मोजायचे ते एका वेळी जिवंत असलेले थ्रेड.

आता त्या "अचूक"कडे. एसईत थ्रेड मिळालेल्या कॉन्टेक्स्टवरच राहतो, आणि कर्नलच्या सूचना (इन्स्ट्रक्शन) तुमच्या आकडेवारीत येतच नाहीत. कॅश कोहेरन्स (कोरांच्या कॅशमधला मेळ) किंवा लॉकची ओढाताण बघायची असेल तर मला हेच हवे असते: कमी गडबड. चार कोरवर सोळा थ्रेड, थ्रेडचे स्थलांतर, पेज फॉल्टचा खर्च, फाइलींची ये-जा हा विषय असेल तर एफएसला पर्याय नाही. माझा हट्ट असा की आधी एसई, थ्रेड तितके कोर, बायनरी स्टॅटिक. ऑपरेटिंग सिस्टीम हाच तुमचा प्रश्न असेल तेव्हाच एफएस.

आणि एफएसवर गेलातच तर बूट केव्हीएमवर, म्हणजे थेट होस्टच्या प्रोसेसरवर, उरका (होस्ट आणि सिम्युलेटेड मशीनचा आयएसए, म्हणजे सूचनासंच, एकच असेल तर), चेकपॉइंट घ्या (त्या क्षणाची स्थिती जपून ठेवा), मगच ओ-थ्री या तपशीलवार पण संथ सीपीयू मॉडेलवर या. एका मे महिन्यात मी रात्रभराचा रन चेकपॉइंट न घेता सोडला होता. पहाटे वीज गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. कूलर बंद, रन बंद.

बाकीचे गोंधळ किरकोळ. अर्धविराम देऊन चार बायनरी लावल्या तर ते मल्टिप्रोग्रॅम झाले. चौघांच्या ॲड्रेस स्पेस वेगळ्या, त्याला मल्टिथ्रेडेड म्हणू नका. सोळा कोर सिम्युलेट केले म्हणून तुमच्या सर्व्हरचे सोळा कोर कामाला लागत नाहीत. साधारण मांडणीत जेम५ स्वतः एकाच थ्रेडवर चालतो, आणि स्कॉन्स या बिल्ड टूलचा 'जे' पर्याय फक्त बिल्डपुरता.

शेवटचे, आयपीसीबद्दल, म्हणजे दर क्लॉक सायकलला संपणाऱ्या सूचना. स्पिनलॉकवर (लॉक सुटेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा तपासत) घिरट्या घालणारा थ्रेडही भराभर सूचना संपवतो, त्यामुळे काम पुढे न सरकताही आयपीसी छान दिसतो. मल्टिथ्रेडेड रनची तुलना करताना मोजायच्या भागाला वर्क-बिगिन आणि वर्क-एंडच्या खुणा लावा, आणि त्यांच्यामधले सिम्युलेटेड टिक्स, म्हणजे सिम्युलेशनमधला वेळ, दाखवा.