पक्ष्यांचा उत्तरेतला हिवाळा

उत्तर युरोप, सायबेरिया, अलास्का, कॅनडा या पट्ट्यात जे पक्षी हिवाळ्यात कुठेही न जाता तिथेच थांबतात, ते जगतात कसे याची ही नोंद. पुण्यात हिवाळा म्हटलं की पक्षी 'येतात' एवढंच आपल्या डोक्यात असतं, भिगवणला पट्टेरी राजहंस, कवडी पाटला चक्रवाक आणि थापट्या, नदीकाठी शेपटी हलवत फिरणारा धोबी, आणि मग सगळेच धरून चालतात की ही मंडळी थंडीला घाबरून पळाली. खरं तर बहुतेक जण पळतात ते पाणी गोठतं, किडे संपतात, चारा बर्फाखाली जातो म्हणून. ज्याला खायला मिळतं तो उणे ४० मध्येही राहतो, आणि अशातले काही तर आपल्या चिमणीच्या निम्म्याहून लहान असतात. (पुण्याचा नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. आपण १२ वर आलं की कानटोपी शोधतो.)

पिसांबद्दल फार लिहायला नको. पक्ष्याचं अंग ४० ते ४२ अंश गरम, बाहेर उणे ४०, मधे जेमतेम बोटभर पिसं आणि त्यात अडकलेली हवा. हिवाळ्याआधी नवी, दाट पिसं येतात, गारठा वाढला की ती फुगवली जातात, चोच पाठीच्या पिसांत खुपसली जाते. बहुतेकांच्या पायांना मात्र पिसं नसतात (टार्मिगन या बर्फाळ प्रदेशातल्या कोंबडीसारख्या पक्ष्याच्या बोटांपर्यंत पिसं असतात, म्हणून शास्त्रीय नावातच 'सशाच्या पायाचा' असं आलंय). तिथे वेगळीच युक्ती आहे. खाली जाणारी गरम रक्ताची रोहिणी आणि वर येणारी गार रक्ताची नीला एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे उष्णता वाटेतच परत फिरते आणि बर्फावर उभ्या असलेल्या कुरव पक्ष्याचं पाऊल शून्याच्या जरा वर राहतं, गोठत नाही आणि अंगाची ऊबही फारशी वाया जात नाही. ही कल्पना साधारणपणे क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाकडे, १८७६ पर्यंत मागे नेतात, पण प्रत्यक्ष मापनं विसाव्या शतकाच्या मध्यातली.

खरा वाद आहे आकाराचा. १८४७ मध्ये कार्ल बर्गमान या जर्मन अभ्यासकाने मांडलं की जवळच्या नात्यातल्या प्राण्यांत थंड प्रदेशातले अंगाने मोठे असतात, कारण मोठ्या अंगाला वजनाच्या मानाने कातडी कमी, म्हणून उष्णता कमी जाते. अमृततुल्यमधला कटिंगचा ग्लास लगेच गार होतो, पातेलं होत नाही, तसंच. १८७७ मध्ये अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅलनने याला जोड दिली की थंडीत चोच, पाय, कान असे बाहेर आलेले अवयव आखूड होतात. शंभरेक वर्षं हे जवळपास पाठ्यपुस्तकी सत्य होतं. मग १९५५ मध्ये शोलँडर या शरीरशास्त्रज्ञाने, ज्याने स्वतः अलास्कात पॉइंट बॅरोला मोजमापं केली होती, सरळ म्हटलं की आकारातल्या थोड्या वाढीने मिळणारा फायदा नगण्य आहे, पिसं किंवा केस दाट केले की त्याच्या कितीतरी पट काम होतं. पुढच्याच वर्षी उत्क्रांतीचा अभ्यासक अर्न्स्ट मायरने उत्तर दिलं, की नियम एकाच जातीतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पक्ष्यांपुरता आहे, निरीक्षण म्हणून तो टिकतो, आणि छोटा फायदासुद्धा निसर्गनिवडीला पुरतो. दोघं बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

यात आपली चिमणीही येते. उत्तर अमेरिकेत ती १८५० च्या सुमारास युरोपातून नेऊन सोडली, आणि १९६४ मध्ये जॉन्स्टन आणि सेलँडर यांनी दाखवलं की एवढ्या काळात तिथल्या उत्तरेकडच्या चिमण्या दक्षिणेकडच्यांपेक्षा मोठ्या झाल्या होत्या. हा बर्गमानच्या बाजूचा बऱ्यापैकी मजबूत पुरावा मानतात. त्याआधी १८९८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावातल्या हिमवादळात गारठलेल्या १३६ चिमण्या बंपस नावाच्या प्राध्यापकाकडे आल्या, ७२ वाचल्या, ६४ मेल्या, त्याने प्रत्येकीची मापं छापून ठेवली आणि तेव्हापासून कोणत्या आकाराच्या चिमण्या वाचल्या यावर लोक तीच आकडेमोड परत परत करून वेगवेगळे निष्कर्ष काढतायत. प्रस्तुत लेखकाला शोलँडरचं पारडं जड वाटतं, निदान १०-१२ ग्रॅमच्या पक्ष्यांपुरतं तरी, कारण इतक्या लहान अंगात गेम ठरतो तो रात्रीच्या शिध्यावर.

काळ्या टोपीची चिकॅडी ही आपल्या रामगंगेच्या कुळातली. ती दिवसभर खाऊन चरबी साठवते आणि रात्रभरात ती बहुतेक जाळून टाकते, म्हणजे रोज सकाळी खिसा रिकामा. बचत म्हणून रात्री अंगाचं तापमान १०-१२ अंशांनी खाली आणते, हे चॅप्लिनने १९७४ च्या सुमारास मोजलं. युरोपातल्या लहान पक्ष्यांवर स्टेन (१९५८) आणि हाफटोर्न (१९७२) यांचं काम त्याआधीचं. याला टॉर्पर (शरीर जवळजवळ मंद करून टाकणारी तात्पुरती गुंगी) म्हणायचं की नुसतं रात्रीचं तापमान उतरणं, यावर एकमत नाही. काही जण मधे स्पष्ट रेघ ओढतात, काहींच्या मते ती सलग उतरंड आहे, आणि दुसरं मत जास्त पटण्यासारखं. शीतनिद्रा मात्र ही नव्हे. भिंगऱ्या चिखलात किंवा बिळात झोपून हिवाळा काढतात ही समजूत अ‍ॅरिस्टॉटलपासून अठराव्या शतकापर्यंत चालली, ती चूकच. आठवडेच्या आठवडे झोपणारा पक्षी म्हणून नाव घेतलं जातं ते पुअरविल या रातव्याच्या कुळातल्या पक्ष्याचं, १९४६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सापडलेला, म्हणजे तोही बर्फाळ उत्तरेतला नाही.

ऊब तयार होते कुडकुडण्यातून, छातीच्या उडायच्या स्नायूंच्या. सस्तन प्राण्यांच्या पिलांत असते तशी तपकिरी चरबी, म्हणजे थेट ऊब तयार करणारी चरबी, पक्ष्यांत नसते. २००१ च्या सुमारास पक्ष्यांच्या स्नायूंत त्या चरबीतल्यासारखं एक प्रथिन सापडल्याने न कुडकुडताही ऊब मिळत असेल का ही चर्चा परत निघाली, पण त्या प्रथिनाचं काम वेगळं असावं असंही म्हणतात.

बाकी सवयी थोडक्यात. चिकॅडी हंगामात हजारो बिया एकेक करून वेगवेगळ्या फटींत लपवते आणि बऱ्याच परत शोधते. तिच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे जागा लक्षात ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात, नव्या पेशी ऑक्टोबरमध्ये सर्वात जास्त भरती होतात असं बर्निया आणि नोटेबोम यांनी १९९४ मध्ये दाखवलं. रेडपोल हा बिया खाणारा छोटा पक्षी संध्याकाळी अन्ननलिकेच्या पिशवीत बिया भरून घेतो, डबा घेऊन झोपायला गेल्यासारखा. गोल्डक्रेस्ट हे युरोपातले चिमुकले पक्षी, वजन ५-६ ग्रॅम, एकमेकांना खेटून रात्र काढतात. टार्मिगन मऊ बर्फात बीळ करून आत बसतो, बाहेरच्यापेक्षा तिथे पुष्कळ ऊब असते. पण वर पाऊस पडून थर कडक झाला तर आत शिरताच येत नाही, आणि आधीच आत असलेला कधी कधी आतच अडकतो.