गाडी पाड्यावर का जाते: नाशिकच्या फिरत्या बालवाडीमागचा इतिहास

नाशिक जिल्ह्याचे तालुके पंधरा, पण घरात तान्हं किंवा रांगतं मूल असलेल्या मजूर कुटुंबाला विचारलं तर जिल्हे दोनच. एक बागायती: निफाड, चांदवड, दिंडोरीचा सपाट भाग. तिथे द्राक्ष, कांदा, ऊस, म्हणजे जवळजवळ बारा महिने काम. दुसरा डोंगराचा: पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचा काही भाग. तिथे पावसाळ्यात भात, नागली, वरई, आणि दिवाळी सरली की हाताला काम नाही. मग दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं पहिल्या जिल्ह्यात उतरतात. कुणी पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून रोज ये-जा करतं, कुणी बिऱ्हाड घेऊन बागेच्या कडेला झाप टाकतं. मूल आईबरोबर असतं. त्याचं नाव मात्र गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये असतं.

फिरत्या बालवाडीचा विषय इथून सुरू होतो. एखादी व्हॅन किंवा छोटा टेम्पो, त्यात सतरंज्या, खेळण्यांच्या पेट्या, चित्रांची पुस्तकं आणि एक-दोन ताई. ठरल्या दिवशी ठरल्या पाड्यावर किंवा मजुरांच्या वस्तीवर गाडी थांबते, दीड-दोन तास मुलं खेळतात, जमेल ती आई-आजी सोबत बसते, आणि गाडी पुढच्या वस्तीला निघते. हे कुणाला सांगितलं की पहिला सवाल ठरलेला: ‘अहो, अंगणवाडी आहे की! मग गाडी कशाला?’ सवाल रास्त आहे. उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं.

गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे जाऊन मिळाल्या आणि १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरी पद्धत भारतीय घरात कशी बसवायची, हा तेव्हाचा ध्यास. १९३६ला दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार आलं. पण हे सगळं शहरातलं, शिकल्यासवरल्या घरांतलं. साधनं महाग, फी परवडणारी नाही, आणि खेड्यात तर कुणी विचारायलाही गेलेलं नाही. गांधीजींच्या विचारांची ओढ असलेल्या ताराबाईंना ते खुपत होतं. १९४५मध्ये त्यांनी ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, आणि सोबत आल्या अनुताई वाघ.

अनुताईंचा एक धागा आपल्या जिल्ह्याशी जुळतो, तो इथे फारसा कुणाला आठवत नाही. बोर्डीच्या आधी, पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्याही आधी, ऐन तारुण्यात त्या चांदवड-पिंपळगाव भागात शिक्षिका होत्या. बालविधवा, एकटी बाई, खेड्यातली नोकरी, आणि काळ १९३०च्या आसपासचा. त्या वर्षांनी त्यांना काय शिकवलं असेल याचा अंदाज आपण बांधू शकतो. पण खेड्यातलं घर त्यांनी आतून पाहिलेलं होतं, एवढं नक्की.

बोर्डीत रीतसर बालवाडी निघाली आणि गरीब वस्तीतली मुलं आलीच नाहीत. आईबाप उजाडताच कामाला, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, अंगावर धड कपडा नाही, पोटात काही नाही. अशा घरातून कोण येणार? तेव्हा या बायका स्वतः वस्तीत गेल्या. झाडाखाली, एखाद्या घराच्या अंगणात मुलं जमवली, आधी आंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले आणि मग खेळ मांडले. साधनं तिथलीच: शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, माती. पुढे १९५०च्या दशकात काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरांमागे रानात. मग गुरं जिथे चरतात तिथेच शिक्षक गेले आणि कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीही तिथलीच.

म्हणजे महाराष्ट्रातल्या ग्रामीण बालशिक्षणाची सुरुवातच मुळी मुलाकडे चालत जाण्यातून झाली. आज गाडी घेऊन पाड्यावर जाणाऱ्यांना कुणी ‘नवा प्रयोग’ म्हणून शाबासकी देतं तेव्हा मला जरा गंमत वाटते.

पुढचा टप्पा सरकारी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव जायला लागली. या योजनेचं देणं मोठं आहे. लसीकरण, वजन, पूरक आहार, गरोदर बाईची नोंद हे सगळं एका सेविकेच्या आणि मदतनिशीच्या जिवावर चालतं, तेही ‘मानधना’वर. पण योजना म्हटली की निकष आले. साधारण गावात ४०० ते ८०० लोकसंख्येला एक अंगणवाडी, आदिवासी भागात ३०० ते ८००, आणि १५० ते ३०० वस्तीच्या पाड्याला मिनी अंगणवाडी, असं ठरलं. त्याहून लहान पाडा असेल तर तो शेजारच्या पाड्याला जोडायचा. नकाशावर दोन पाड्यांमधलं अंतर दीड किलोमीटर दिसतं. आषाढात मध्ये नाला भरून वाहत असतो आणि तीन वर्षांचं मूल तो ओलांडत नाही. डिसेंबर २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की जिथे सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. फार मोलाचा आदेश. पण पेठ-सुरगाण्यातल्या अनेक पाड्यांवर चाळीस मुलं भरायची कुठून?

दुसरी फट वयाची. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत गरम आहार आणि पूर्वशालेय शिक्षण. तीनच्या आतल्याला घरी न्यायचं पाकीट आणि महिन्याचं वजन. त्याच्याशी कुणी खेळावं, बोलावं, त्याच्या आईनं काय करावं, याची जागा योजनेत होती ती गृहभेटीपुरती, आणि डझनभर रजिस्टरं व मोबाइलमधलं ॲप सांभाळणाऱ्या सेविकेला त्या भेटी किती जमणार? शिक्षण हक्क कायद्याचं ११वं कलमही तीन ते सहा वयोगटाबद्दलच बोलतं, आणि २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून मोजतं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ‘नवचेतना’ हा केंद्राचा आराखडा आला तो थेट २०२४मध्ये. आदिवासी भागात शिक्षणाचं काम नाशिकला नवं नाही. डांग सेवा मंडळानं पेठ-सुरगाण्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच लक्ष दिलं होतं. पण आश्रमशाळेचं दार उघडतं पहिलीपासून. त्याआधीची सहा वर्षं घरच्यांवर.

कामाच्या जागी मूल सांभाळायची सोय व्हावी म्हणून कायदे झाले, तेही नाशिकच्या मुलाला बगल देऊनच गेले. १९५१च्या मळेकामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण तो चहा, कॉफी, रबर, सिंकोना असल्या मळ्यांसाठी. द्राक्षबाग त्यात बसत नव्हती. बागायतदार हा शेतकरी आणि मजुरांची टोळी मुकादमाची. बांधकाम मजुरांच्या १९९६च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर मुलांसाठी खोली हवी, असं कलम होतं. रोजगार हमीवर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, असा नियम झाला. द्राक्षाच्या उक्त्या कामाला, जिथे टोळी आज मोहाडीत आणि परवा पिंपळगावात, यांपैकी काहीच लागू झालं नाही.

शहरातल्या फिरत्या मजुरांसाठी संस्थांनी मात्र वाट काढली होती. १९६९ला दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या बाळांसाठी पाळणाघर मांडलं आणि ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर मजुरांमागे पुढच्या साइटवर. ते लोण पुढे मुंबई-पुण्यातही आलं. मुंबईत १९८८ला सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलनं पुढे बसमध्येच वर्ग भरवला. ऊसतोडीच्या फडावर साखरशाळा निघाल्या. पण बस आणि साखरशाळा मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. पाळणाघर लहानग्यांसाठी खरं, पण त्याला एका जागी काही महिने तरी काम चालावं लागतं, आणि द्राक्षाची टोळी एका बागेत अनेकदा दोन-तीन दिवससुद्धा नसते.

परदेशातही गाडीतून खेळ नेतात. ब्रिटनमध्ये बेल टुटाएव या आईनं १९६१ला ‘गार्डियन’ दैनिकाला पत्र लिहिलं आणि आयांनीच चालवलेल्या प्लेग्रुपांची चळवळ उभी राहिली. न्यूझीलंडमध्ये त्याआधीच, १९४०च्या दशकात, आईबाप मिळून चालवायची प्लेसेंटरं होती. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात खेळण्यांनी भरलेली गाडी दूरदूरच्या गुरांच्या मळ्यांवर जाते. तिकडे घरं एकमेकांपासून लांब म्हणून गाडी लागते. आपल्याकडे घरंच हलतात. म्हणून तिकडचं महिनोन्‌महिने न बदलणारं वेळापत्रक इथे चालत नाही. पण एक गोष्ट तिकडून उचलण्याजोगी आहे: आईनं मूल सोडून निघून जायचं नाही, सोबत बसायचं. आपल्या शहरांत प्लेग्रुप म्हणजे फी भरून मूल सोडायची जागा झाली, त्याच्या नेमकं उलट.

आई बसते का? सहजासहजी नाही. गाडी पहिल्यांदा आली की बाया दारातून बघतात. सरकारी माणसं असतील, काहीतरी टोचतील, आधार कार्ड मागतील. मुलं आधी येतात, तीही कडेवर धाकटं घेऊन. सतरंजी पसरली की मधोमध चिंचोके, आंब्याच्या कोया, झाकणं, लाकडी ठोकळे, चिंध्यांच्या बाहुल्या. प्लास्टिकची चकचकीत खेळणी फार ठेवू नयेत असं माझं मत. मुलं ती हातातून सोडत नाहीत आणि गाडी निघताना रडारड होते. चिंचोके गाडी गेल्यावरही पाड्यावर असतातच. वर्षभराचं पोर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चिंचोके ओतत बसतं, ताई त्याच्यावर डोळा ठेवून असते, कारण पुढचा चिंचोका तोंडात जाणार असतो. भाषेचं पथ्य वेगळंच. घरात कोकणा किंवा वारली बोली, आणि ताई पुस्तकी मराठीत ‘हे काय आहे, सांगा बरं’ म्हणाली की मूल गप्प. पाड्यावरचीच एखादी मुलगी सोबत घेतली की निम्मं काम तिथेच होतं. आजी मग आपणहून एखादं गाणं म्हणते आणि आया एकेक करून सतरंजीवर येतात.

बागायती भागातली खबरदारी आणखी वेगळी. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते जहाल असतं, हातमोज्यांशिवाय हाताळू नये असं. पुढे घडांची विरळणी, जीएचं डिपिंग (घड जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं), औषधाच्या फवारण्या. आणि बाळाची झोळी बांधलेली असते त्याच मांडवाच्या तारेला. गाडी नेणाऱ्यांनी बागायतदाराला आधी फोन करून ‘आज फवारा आहे का?’ विचारायचं आणि सतरंजी वारा जिकडून येतो त्या बाजूला, बागेपासून लांब टाकायची, हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही.

पेटीतून वस्तू फिरवायची सवय नाशिकला आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात २००९पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात आणि ठरावीक काळानं अदलाबदल होते. खेळण्यांना तीच रीत लावता येते: गाडी दर आठवड्याला येईल, पण मधल्या दिवसांसाठी एक पेटी पाड्यावर, एखाद्या आईच्या ताब्यात. काही खेळणी हरवतील. हरवू द्यावीत.

पैशाचं गणित मात्र नेहमी उलटं बसतं. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामाला द्यायला लावले आणि सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकच्या संस्थांना दार ठोठवायला जागा मिळाली. गाडी मिळते, तिच्यावर देणाऱ्याचं नावही झळकतं. पण सावळ घाट चढून रोज जायचं डिझेल, टायर, चालकाचा पगार आणि ताईंचं मानधन तिसऱ्या वर्षी कोण देणार? शिवाय गाडीच्या आत फळ्या ठोकून, आसनं काढून बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली आरटीओची परवानगी लागते. नाहीतर पासिंगला गाडी अडकते. म्हणून शहाणे लोक गाडीला हात लावत नाहीत, सगळं सुट्या पेट्यांत भरतात.

राज्यानं अलीकडे स्थलांतरित लाभार्थ्यांचा माग ठेवणारी महा-एमटीएस ही संगणकीय व्यवस्था आणली आहे. गावातून निघालेल्या मुलाची नोंद तो जाईल तिथल्या अंगणवाडीकडे जावी आणि आहार-लसीकरण तुटू नये, हा तिचा हेतू. फिरत्या बालवाडीला याचा थेट उपयोग आहे. सुरगाण्यातून निघालेली कुटुंबं निफाडच्या कुठल्या शिवारात उतरली हे सेविकेला कळलं तर गाडीचा मार्ग त्यावरून आखता येतो, आणि गाडीतल्या ताईला दिसलेलं सुकलेलं मूल त्याच दिवशी जवळच्या अंगणवाडीला कळवता येतं. हे सध्या होतं ते ओळखीपाळखीवर, सेविकेच्या मोबाइलवर एक फोन करून. जून ते ऑक्टोबर गाडी डोंगरात, दिवाळीनंतर होळीपर्यंत बागायतीत, आणि शिमग्याला माणसं परतली की पुन्हा पाड्यांवर. एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे द्राक्षाच्या दुसऱ्या छाटणीला, काही टोळ्या परत खाली उतरतात, त्या महिन्यात गाडी कुठे न्यायची हे दर वर्षी नव्यानं ठरवावं लागतं.