डोंगरउतारावर तबकडी डावीकडेच का वळते?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सांताक्रूझ शहर आहे. त्याच्या मागच्या टेकड्यांमध्ये दे लाव्हिआगा नावाचं उद्यान आहे आणि १९८४ पासून तिथे डिस्क गोल्फ, म्हणजे तबकडी फेकून टोपलीत टाकण्याचा खेळ, खेळतात. ओकच्या झाडांमधून, घळींच्या काठाने, चढउतार करत खेळाडू सत्ताविसाव्या होलपाशी, म्हणजे खेळाच्या सत्ताविसाव्या टप्प्यापाशी, येतो तेव्हा झाडी मागे पडते आणि समोर माँटेरे उपसागर उघडतो. या होलचं नाव ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’. पायाखालून उतार घसरत गेलेला असतो, आणि दीडशे मीटरहून लांब, पार खाली, साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली दिसते. इथून फेकलेली तबकडी कितीतरी वेळ हवेत राहते. सुरुवातीला ती किंचित उजवीकडे झुकते, मग सरळ धावते आणि वेग ओसरला की डावीकडे वळत उतरते. उजव्या हाताने, छातीवरून हात आडवा ओढून फेकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला शेवटचं हे वळण येतंच. जगज्जेता असला तरी त्याची सुटका नाही.

मला हे वळण पाहतच राहावंसं वाटतं. सपाट मैदानावर ते दोन-तीन सेकंदांत संपून जातं. डोंगरावर मात्र तबकडीखाली भरपूर मोकळी हवा असते, त्यामुळे तिचा सगळा प्रवास सावकाश, डोळ्यांसमोर उलगडतो. उड्डाणाचं विज्ञान समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खेळ सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे ‘टी’वरून, तबकडी फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत टाकायची. काठी नाही, चेंडू नाही, कातरलेली हिरवळही लागत नाही. उलट दगड, झाडं आणि उतार जितके जास्त तितकी मजा जास्त, म्हणून हा खेळ डोंगरात इतका रमला.

त्याचा जन्मही डोंगराच्या पायथ्याशीच झाला. एड हेड्रिक हे ‘व्हॅम-ओ’ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत होते. फ्रिस्बी या खेळण्यातल्या उडत्या तबकडीच्या पाठीवरच्या बारीक वर्तुळाकार रेघा ही त्यांचीच देणगी. त्या रेघांमुळे तबकडी हवेत कमी हेलकावते, आणि त्याचं पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळालं. १९७५ मध्ये त्यांनी लॉस एंजलिसजवळ, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स, म्हणजे खेळाचं मैदान, उभा केला. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली बनवली. साखळ्या तबकडीला झेलतात, तिचा वेग शोषून घेतात आणि ती अलगद खालच्या जाळीत पडते. या उद्यानाला लागूनच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे. ज्या वर्षी इथे पहिल्या तबकड्या उडाल्या त्याच वर्षी, या प्रयोगशाळेत घडलेली व्हायकिंग मोहिमेची कक्षायानं मंगळाकडे निघाली. हेड्रिक २००२ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवण्यात आल्या.

आता त्या वळणाकडे येऊ.

साधारण खांद्याच्या उंचीवरून, जमिनीपासून दीड मीटरवरून, एक दगड आडवा फेकला असं समजा. वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. दगड साधारण अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकेल आणि तेवढ्या वेळात जेमतेम १४ मीटर जाईल. तेवढ्याच वेगाने फेकलेली तबकडी त्याच्या कितीतरी पट लांब जाते. याचा अर्थ हवा तिला वर धरते आहे. तबकडीचा पुढचा काठ किंचित वर असला की ती समोरून येणारी हवा खाली ढकलते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलली जाते. विमानाच्या पंखाचंही तत्त्व हेच. या उचलीला पाठ्यपुस्तकात उत्थापक बल म्हणतात. ती मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: हवेतला वेग, आणि तबकडी हवेला ज्या कोनात भिडते तो कोन. वेग निम्मा झाला की त्याच कोनात उचल चौथाईवर येते. पण तबकडीचं वजन तर तेवढंच, साधारण १७५ ग्रॅम, राहतं. म्हणून वेग कमी होत गेला की ती खाली बसू लागते, हवा तिला अधिकाधिक खालून भिडते, आणि कोन आपोआप वाढतो.

इथपर्यंतचं काम पंखही करतो. पण न फिरवता सोडलेली तबकडी लगेच कोलांटी खाते, कारण उचल नेमकी तिच्या मधोमध लागत नाही. संथ, मोठ्या कोनातल्या उड्डाणात उचलीचा मध्य तबकडीच्या मध्याच्या पुढे असतो, आणि तो नाक, म्हणजे पुढचा काठ, वर उचलू पाहतो. जोरात, लहान कोनात उडताना तोच मध्य मागे सरकतो आणि नाक खाली दाबतो. दोन्ही वेळा तबकडी उलटायलाच हवी. तिला वाचवते ती गिरकी.

लहानपणी भोवरा फिरवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. फिरता भोवरा कलला की धाडकन पडत नाही. तो कललेल्या अवस्थेतच गोल डोलत राहतो. फिरत्या वस्तूला एका दिशेने कलवायला जावं, तर ती त्या दिशेच्या काटकोनात झुकते. भौतिकशास्त्रात याला परांचन म्हणतात. उजव्या हाताने अशी फेकलेली तबकडी, वरून पाहिलं तर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. अशा तबकडीचं नाक हवेने वर ढकललं तर नाक वर जात नाही, तिची डावी कड खाली जाते. नाक खाली दाबलं तर उजवी कड खाली जाते. ज्या बाजूला कड झुकते त्या बाजूला तबकडी वळते. म्हणून सुरुवातीच्या वेगात उजवीकडे आणि वेग ओसरल्यावर डावीकडे. डावखुऱ्याच्या हातून सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं.

हे नुसत्या तर्कावर ठरलेलं नाही. मँचेस्टर विद्यापीठात पॉट्स आणि क्राउदर यांनी वातबोगद्यात, म्हणजे वारा सोडलेल्या बंदिस्त बोगद्यात, फ्रिस्बी बसवून तिच्यावरची बलं मोजली. त्यांचं काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या ह्युजेन्स यानाच्या उपकरणांवर काम केलेले ग्रहशास्त्रज्ञ राल्फ लॉरेन्झ यांनी फ्रिस्बीलाच संवेदक चिकटवून उडत्या तबकडीची मोजमापं घेतली. ग्रहांचा अभ्यास करणाऱ्याला खेळण्यात रस का असावा, असं वाटेल. पण ह्युजेन्सही टायटनच्या दाट हवेतून फिरत फिरतच उतरलं होतं.

खेळाडूंच्या भाषेत पहिल्या वळणाला ‘टर्न’ आणि शेवटच्या वळणाला ‘फेड’ म्हणतात. बहुतेक तबकड्यांवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, टर्न आणि फेड. उदाहरणार्थ १२, ५, −१, ३. लांब फेकीच्या तबकडीचा काठ पात्यासारखा धारदार असतो. असा उतरता काठ १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी आणला आणि खेळच बदलला, कारण हवेचा अडथळा एकदम कमी झाला. टोपलीजवळच्या फेकीला लागणारा ‘पटर’ मात्र बोथट काठाचाच राहिला. तो हळू उडतो पण सरळ जातो.

सपाट मैदानावर हे आकडे बऱ्यापैकी खरे ठरतात. डोंगरावर मात्र तेच आकडे वेगळं बोलू लागतात.

चढाचं पाहा. दहा अंशांच्या चढावर उताराला समांतर तबकडी फेकली, तर हवेचा अडथळा सोडूनही गुरुत्वाकर्षण तिचा वेग दर सेकंदाला १.७ मीटरने कमी करतं. चार सेकंदांत जवळजवळ सात मीटरचा, म्हणजे ताशी २४ किलोमीटरचा तोटा. वेग लवकर ओसरतो, म्हणून डावं वळणही लवकर येतं. नवखा खेळाडू आणखी ताकद लावतो आणि त्या भरात नाक वर करून फेकतो. कोन आधीच वाढलेला, त्यात हे. तबकडी हवेत उभी राहिल्यासारखी होते आणि डावीकडे कोसळते. उतारावर हिशेब उलटा होतो. तेच गुरुत्वाकर्षण वेग टिकवून धरतं, टर्न लांबतो आणि फेडला उशीर होतो. पण एकदा फेड सुरू झाला की जमीन अजून खूप खाली असते, त्यामुळे तबकडी डावीकडे सरकत सरकत भलतीच लांब जाते. उतारावर हरवणाऱ्या तबकड्या बहुतेक अशाच हरवतात.

उंचीचा परिणाम याहून नवलाचा आहे. कोलोरॅडोत, रॉकी पर्वतात कॉनिफर गावाजवळ असाच एक डोंगरी कोर्स आहे. अडीच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी कमी असते. विरळ हवेत गोल्फचा चेंडू लांब जातो, हे अनेकांना माहीत आहे. तबकडीही तशीच जाईल असं वाटतं, कारण अडथळा कमी. पण तबकडी जगते उचलीवर, आणि उचलही २२ टक्क्यांनी घटते. तेवढंच वजन पेलायला तिला मोठा कोन लागतो, आणि मोठा कोन म्हणजे लवकर आलेलं डावं वळण. समुद्रकाठी सरळ जाणारी तबकडी इथे अडेलतट्टूसारखी डावीकडेच ओढते. म्हणून पहाडातले खेळाडू उजवीकडे सहज झुकणाऱ्या, म्हणजे ‘अंडरस्टेबल’ तबकड्या पिशवीत जास्त ठेवतात.

वाऱ्याचं गणित तबकडीचा जमिनीवरचा वेग पाहत नाही, हवेतला वेग पाहतं. सेकंदाला २५ मीटरने निघालेल्या तबकडीला ५ मीटरचा वारा समोरून आला तर तिच्या लेखी वेग ३० होतो, आणि त्याच कोनात उचल ४४ टक्क्यांनी वाढते. ती वेगात आहे असंच वागते आणि उजवीकडे झुकते. तोच वारा पाठीमागून आला तर उचल ३६ टक्क्यांनी घटते, तबकडी खाली बसते आणि डावीकडे वळते. डोंगरात वारा एका जागी ठरत नाही. दिवसा ऊन लागून तापलेल्या उतारावरची हवा वर चढते. सूर्य कलला की गार हवा दरीत उतरते. शिवाय चढणारा वारा समोरून येतो तसा खालूनही येतो. महाबळेश्वरला ऑर्थर सीटच्या कड्यावरून ज्यांनी हलक्या वस्तू दरीत सोडल्या आणि त्या उलट वर येताना पाहिल्या, त्यांना हा वारा ओळखीचा आहे. खालून आलेली झुळूक तबकडीचा कोन क्षणात वाढवते. नीट फेकलेली तबकडी मध्येच उसळते आणि फेकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

गिरकीचं महत्त्व किती, हे एका फेकीने जगाला दाखवलं. २०२१ ची जागतिक स्पर्धा युटाहमधल्या ऑग्डेनला होती. वॉसाच डोंगररांगेच्या पायथ्याचं, सुमारे १३०० मीटर उंचीवरचं हे शहर. २६ जूनला शेवटच्या होलवर जेम्स कॉनराड एका फेकीने मागे होते, टोपली ७५ मीटरवर होती, आणि त्यांनी तिथून थेट टोपलीत फेक घातली. आघाडीवरच्या पॉल मॅकबेथ यांच्याशी बरोबरी झाली आणि पुढच्याच होलवर कॉनराड जगज्जेते झाले. ती तबकडी बोथट काठाचा पटर होता, आणि तिचं बाहेरचं कडं वेगळ्या, जड प्लॅस्टिकचं होतं. वजन कडेला जितकं जास्त तितकी गिरकी हट्टी, आणि हवेच्या धक्क्यांना ती तितकी उशिरा दाद देते. ही फेक मी कितीदा पाहिली असेल, याची गणती नाही.

एक काळजीही सांगायला हवी. ताशी शंभर किलोमीटरने येणारी धारदार काठाची तबकडी झाडाची साल सोलते. टी आणि टोपल्यांभोवती हजारो पावलांनी माती दबते, पाणी मुरत नाही, आणि उतारावर तेच पाणी माती घेऊन खाली धावतं. चांगले कोर्स तिथे लाकडाचा भुसा पसरतात, टोपल्यांच्या जागा आलटून पालटून बदलतात आणि जुन्या खोडांना आडोसा करतात. टॉप ऑफ द वर्ल्डपर्यंतच्या वाटेची शोभा त्या ओक वृक्षांमुळेच तर आहे.

तिथे दुपारी उपसागरावरून वारा येतो आणि टीवर उभ्या खेळाडूच्या तोंडावर आदळतो. नवखा खेळाडू टोपलीवर नजर रोखून फेकतो. जाणता खेळाडू आधी चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडून ते कुठे जातं ते पाहतो, पिशवीतली एक तबकडी परत ठेवतो, समोरच्या वाऱ्यातही हट्टाने डावीकडे ओढणारी दुसरी काढतो, आणि टोपलीच्या बऱ्याच उजवीकडे, जिथे नुसता निळा समुद्र आहे, तिकडे तोंड करून उभा राहतो.